दादाच्या काहिलीचं बिल

"चोर सापडलाय," दादा म्हणाला. "आता त्यानं कबूल व्हायचं तेवढं राहिलंय."

दादा टबात होता आणि मी टबाबाहेर उकिडवा. गळ्यापर्यंत फेस, फेसावर सोन्याची जाड चेन आणि चेनीवर वाफेनं लालबुंद झालेलं तोंड. एका हातात, पाण्यापासून लांब धरलेलं, लाइटचं बिल. चड्डीवर बसलेल्या माणसानं मला चोर म्हणायची ती पहिलीच वेळ. कपडे घातलेल्यांनी पूर्वी म्हटलं होतं, त्याची सवय होती.

"बघू, दादा."

"बघ की. तुझाच पराक्रम हाय त्यो."

बिल बावीस हजार तीनशे दहाचं होतं. त्याआधी बंगल्याला महिन्याला चार-साडेचार हजार यायचं.

"टबामुळं आलंय हे," मी म्हणालो.

"टबामुळं अडीच हजार येतं. विकणाऱ्यानं सांगितलंय, तू बी ऐकलंयस. बाकीचं पंधरा हजार कुठं गेलं? या भिंतीपलीकडं कोण राहतं?"

भिंतीपलीकडं आम्ही राहत होतो. गाव आमच्या वस्तीला मागची आळी म्हणायचं. ती मागंच का, ते मराठी वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही.

"वायरिंग तू केलं, भिंत तुझी-माझी एक," दादा म्हणाला. "माझ्या मीटरवर तुझं घर नांदतंय, निवृत्ती. शनिवारी वीज ऑफिसचा साहेब बोलवलाय, चार माणसं बी बोलवलीत. तोवर कबूल झालास तर भागवू. न्हाई झालास तर केस. मग तुझ्या त्या लायसनची होडी करून याच टबात सोडू."

एवढं बोलून त्यानं बटण दाबलं. टबाच्या चारी बाजूंनी बुडबुडे उसळले आणि दादा त्यात डोळे मिटून बसला. म्हणजे मी जावं.

धैर्यशील खराडे म्हणजे चाळीस हजार कोंबड्यांचा मालक. खाद्याच्या कंपनीनं त्याला थायलंडला फिरवून आणलं, तिथल्या हॉटेलात तो अशा टबात बसला आणि उठला तो ठरवूनच उठला. दिवाळीच्या आधी टेम्पोतून टब आला. उतरवायला चौदा माणसं लागली. गुऱ्हाळावर रस आटवायची काहील असते ना, अगदी तेवढाच त्याचा घेर. म्हणून गावानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'दादाची काहील' ठेवलं. परसात त्याला पत्र्याची खोली केली, वर पांढऱ्या शीटचं छप्पर. चौदाशे लिटर पाणी, सहा किलोवॅटचा हिटर. थ्री फेजची लाइन मी ओढली. टब विकणारा सांगून गेला, की पाणी एकदाच भरायचं, औषध टाकायचं, वरून झाकण घालायचं आणि तीन महिने तेच पाणी. तापलेलं पाणी झाकून राहतं, म्हणून बिल कमी. हे ऐकायला मी आणि दादा दोघंच होतो. आक्का मागाहून आली, म्हणून कुठला नळ भरायचा, कुठला सोडायचा, हिटरचं बटण कोणतं, एवढं तिला मी वेगळं दाखवलं. आक्का म्हणजे गजराक्का, दादाची आई. वय सत्तरच्या पुढं, गुडघे गेलेले, तोंड शाबूत.

लायसनची गोष्ट दादाला बरोबर ठाऊक होती. आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली खांबांवर चढून, रात्रशाळेत बसून मी वायरमनची परीक्षा पास झालो होतो. आता ठेकेदारीच्या परवान्याचा अर्ज आत गेला होता. मागच्या आळीतला पहिला ठेकेदार. त्या अर्जावर वीजचोरीचा एक शेरा पडला, की मी जन्मभर दुसऱ्याच्या शिडीला हात लावून खाली उभा.

घरी आलो तेव्हा आई पाय पसरून बसली होती. मी सगळं सांगितलं. एरवी माझ्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, की आई पदर खोचून त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. त्या दिवशी ती गप्प ऐकत राहिली.

"बावीस हजार?" एवढंच म्हणाली.

"हां."

"एवढं येतं व्हय रं लाइटला?"

"चोरी झाल्याशिवाय येत नाही, असं दादा म्हणतोय."

"त्यो काय बी म्हणंल," असं म्हणून ती उठली. हाताचा टेका न घेता उठली. गेल्या दीड महिन्यात तिचे गुडघे सुधारले होते. तीस वर्षं खराड्यांच्या गोठ्यात बसून शेण काढलेले गुडघे ते. कुठल्याशा मलमाचा गुण आला म्हणायची. मला बरं वाटायचं, मी खोलात गेलो नाही. दुपारी ती बंगल्यावर आक्काची गोधडी शिवायला जायची. त्याआधी, दिवाळी झाल्या झाल्या, एका दुपारी बाहेरून आली आणि थंडीच्या दिवसांत लागोपाठ दोनदा आंघोळ केली, तेही गार पाण्यानं. "कुणाच्या मयताला गेली होतीस का?" मी विचारलं होतं. "तसंच समज," म्हणाली.

गुरुवारी सकाळीच मी मीटरपाशी जाऊन बसलो. दादानं वॉचमनला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. मी त्यालाच बरोबर घेतलं आणि मागच्या आळीची लाइन खांबावरून बंद करायला लावली. आळीतल्या बायकांनी माझा उद्धार केला, तो वॉचमननंही ऐकला. आमच्या घरातला दिवा, पंखा सगळं बंद पडलं, बंगल्याचं मीटर मात्र होतं त्याच चालीनं पळत राहिलं. म्हणजे आमच्याकडं एक युनिट जात नव्हतं. मग टबाच्या वायरीला टाँग टेस्टर लावला. वायर न तोडता करंट सांगतो तो चिमटा. साडेनऊला हिटर लागला तो थेट एकला बंद झाला. चारला परत लागला, तो आठला बंद.

मी बोटांवर हिशेब केला. झाकलेलं तापलेलं पाणी दिवसभरात असं कितीसं निवतं? तासभर हिटर चालला तर खूप. हा साडेसात-आठ तास चालत होता. इतके तास हिटर चालायला एकच कारण असतं, समोर गार पाणी असणं. म्हणजे कुणीतरी दिवसातून दोनदा टब रिकामा करून नव्यानं भरत होतं.

शुक्रवारी दुपारी दोनला मी परसात गेलो. दादा पोल्ट्रीवर, त्याची बायको शर्वरीवहिनी महिला पतसंस्थेत. मला वाटलं, पाइप कुठं गळतोय का बघावं. पत्र्याच्या खोलीपाशी पोचलो आणि आतून आवाज आला.

"गजरे, सरक की जरा. सगळी पिचकारी एकटीच घेतीस."

"घे गं बाई, घे. गुडघा हिकडं घाल तुझा. हां. लागलं का?"

"लागलं. आगं आई गं... गुदगुल्या व्हत्यात."

"व्हऊ दे. जल्मात कोण केल्यात का?"

आणि मग दोन म्हाताऱ्या अशा खिदळल्या, की शाळेतल्या पोरींनी लाजावं.

गावात आक्काला 'गजरे' म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. नवऱ्यानं कधी म्हटलं असेल तर असेल. मी तिथंच उभा राहिलो, कारण 'गजरे' म्हणणारा तो आवाज माझ्या आईचा होता.

मी खोकलो.

"कोण मेलं आलंय?" आक्का आतून ओरडली.

"मी. निवृत्ती. वायरमन."

पाण्याचा आवाज एकदम बंद झाला. कुणीतरी बटण दाबलं होतं. मग आई बोलली, "निवऱ्या, तोंड तिकडं कर."

"मधे पत्रा आहे, आई."

"तरीबी कर."

मी केळीकडं तोंड करून उभा राहिलो.

"गोधडी झाली का शिवून?" मी विचारलं.

"टवाळी करू नगंस," आई म्हणाली. "आक्काला बाहेर काढायला आले व्हते मी. पहिल्या दिवशी."

"खरं हाय," आक्का म्हणाली. "दिवाळीनंतर एकटीच बसले ह्यात, म्हणलं गुडघं शेकावं. बसायला बसले, उठताच येईना. कढईत भजं अडकावं तशी अडकले. घरात कोण न्हाई. हाका मारल्या तर भिंतीवरनं हौसा आली."

"भिंतीवरनं?" माझी आई पासष्टची होती.

"मागच्या दारानं आले रं," आई म्हणाली. "ओढायला गेले आणि मीच आत पडले."

"आणि मग?"

"मग काय. पाणी ऊन लागलं."

एवढंच म्हणाली. मी केळीची पानं मोजत राहिलो. आमच्या घरात बंब नव्हता, गिझर नव्हता. वायरमनचं घर, पण हिटरची कांडी बादलीत टाकायला मी आईला मनाई केली होती, बिल वाढतं म्हणून. दुसऱ्यांच्या घरी सहा किलोवॅट जोडून यायचो आणि आईला म्हणायचो, चुलीवर तापव.

"पाणी कोण सोडतं?" मी विचारलं.

"मी," आक्का म्हणाली. "तूच नळ दावलास की."

"रोज दोनदा?"

"सकाळी एकदा. आणि आमचं झालं की एकदा."

"का?"

आक्का म्हणाली, "सोडायला नगं? माणूस बसल्यालं पाणी ते."

आई काहीच बोलली नाही. आणि ती बोलली नाही तिथंच माझं डोकं तापलं. सकाळचं समजत होतं. आपल्याकडं कुणाच्या आंघोळीच्या पाण्यात कुणी बसत नाही, राजा असला तरी बादली आपापली. पण दुपारचं? पाणी ताजं, तापलेलं, दोन म्हाताऱ्या तासभर बसलेल्या. त्यातली एक तर दादाची आईच. मग ते का सोडायचं? उरली दुसरी. बसायला ये, गुडघा घाल, गुदगुल्या करून घे, पण तुझं पाणी माझ्या पोराच्या अंगाला लागायला नको. हे मी लहानपणापासून इतक्या प्रकारांनी बघितलं होतं, की आता यंत्राला बुडबुडे आले म्हणून मी फसणार नव्हतो.

"दुपारचं का सोडता ते कळलं मला," मी म्हणालो.

"काय कळलं?" आईनं विचारलं.

"राहू दे. उद्या साहेब येतोय. चार माणसांसमोर मला चोर ठरवणार आहेत. माझं लायसन जाईल. मी खरं ते सांगून मोकळा होणार."

"सांग की," आई म्हणाली. "माझं नाव घे. मला काय धाड भरलीया? मी आपल्या घरी जाईन. पर आक्काला ह्याच घरात राहायचंय, सुनेच्या हाताखाली. उद्यापासनं ह्या खोलीला कुलूप लागंल आणि चावी दादाच्या करदोट्याला."

तोंड शाबूत असलेली आक्का पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "निवृत्ती, तू वायरीचं तेवढं सांग. नळाचं माझ्यावर सोड."

शनिवारी बंगल्यासमोर दादानं खुर्च्या मांडल्या होत्या. वीज ऑफिसचे भोकरे साहेब, पोरगेलेसे, चष्मा पुसत बसलेले. उपसरपंच तातोबा आणि आणखी दोघं साक्षीला. शर्वरीवहिनी चहा घेऊन आली आणि उत्सुकतेपोटी तिथंच थांबली. आक्का ओट्यावर जपमाळ घेऊन बसली होती. तिच्या हातात जपमाळ मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

"बोल," दादा म्हणाला. "कबूल हाय का?"

"कबूल आहे," मी म्हणालो. दादाचा चेहरा फुलला. "वायरिंग मी केलंय आणि ते चोख आहे, एवढं कबूल आहे. साहेब, तुमचा टेस्टर लावा. मागच्या आळीची लाइन परवा बंद करून बघितलीय, वॉचमन साक्षीदार आहे. मला शिव्या किती बसल्या तेही त्याला विचारा."

"लय बसल्या," वॉचमन म्हणाला.

भोकरे साहेबांनी टेस्टर लावला, मीटर तपासलं, भिंतीपर्यंत वायर बघत गेले आणि परत आले. "चोरी नाही," ते म्हणाले. "सगळं युनिट टबाच्या हिटरलाच जातंय. रोज आठ तास. गार पाणी तापवल्यासारखं." मग चष्मा डोळ्यांवर चढवत त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं, "पण गार पाणी येतं कुठून? या टबात तर तीन महिने तेच पाणी ठेवतात ना?"

शर्वरीवहिनीच्या हातातला ट्रे थांबला.

"काय ठेवतात?"

"काय न्हाई," दादा म्हणाला. "तू आत जा."

"तीन महिने? तेच पाणी?"

"औषध असतं गं त्यात. परदेशात सगळीकडं..."

"मागच्या महिन्यात तुमचे कंपनीवाले सात जण बसले होते त्यात!" वहिनीचा आवाज फाटला. "चिकनच्या प्लेटी घेऊन बसले होते! आणि दुसऱ्या दिवशी मी बसले!"

तातोबानं कप खाली ठेवला. "तीन महिने?" तो म्हणाला. "दादा, म्हशीच्या पाण्याची डोण बी आम्ही आठ दिवसांला घासतो ओ."

"म्हशीला कळतंय," साक्षीतला दुसरा म्हणाला.

दादा लाल होत चालला होता. बुडबुड्यांशिवायच. त्याचं सगळं गणित त्या झाकणाखाली झाकलेलं होतं, आणि साहेबानं झाकणच उचललं होतं.

तेव्हा आक्का उठली. जपमाळ खांबाला अडकवली.

"शर्वरी, तू न्हाई बसलीस त्या पाण्यात," ती म्हणाली. "मी सकाळीच सोडलं व्हतं. रोज सोडते."

"आई, तू?" दादा उठून उभाच राहिला. "पाणी तू सोडतीस?"

"मग? मला वाटलं, तू इसरतोस. माझ्या पोटचं पोरगं आंघोळीचं पाणी महिना महिना झाकून ठेवतंय, असं कसं माझ्या डोक्यात येईल? मी शिकवलं व्हय तुला असलं?"

वहिनीनं ट्रे खुर्चीवर ठेवला आणि सासूचा हात धरला. त्या घरात ते दृश्य नवीनच असावं, कारण दादाचं तोंड उघडंच राहिलं.

"पण दोनदा का, आक्का?" भोकरे साहेबांनी विचारलं. हुशार माणसाला जास्तीचा प्रश्न सुचतोच.

"दुपारी मी बसते. गुडघं हायत मला."

"एकट्या?"

मी दादाच्या चपलांकडं बघत होतो. आता आक्का काय बोलते त्यावर माझ्या आईची दुपार टांगलेली होती. आणि खरं सांगतो, माझ्या मनात एक दुष्ट माणूस बसला होता, तो म्हणत होता, बोल, घे नाव, होऊ दे एकदा सगळ्यांची तोंडं बघून.

आक्कानं साहेबाकडं खालून वर बघितलं. "म्हाताऱ्या बाईनं न्हाताना बरोबर कोण असतं, कोण नसतं, ह्याची बी नोंद करता व्हय तुमच्या हापिसात?"

साहेबांचे कान तांबडे झाले. त्यांनी वही मिटली.

आता सगळे दादाकडं बघत होते. त्याला दोनच वाटा होत्या. एक, आईला नळाला हात लावू नको म्हणायचं, म्हणजे आपण शिळ्या पाण्यात बसतो हे चार माणसांत कबूल करायचं. दोन, बावीस हजार भरायचे. मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो, त्यामुळं तो काय करेल याची मला शंका नव्हती.

"तीन महिने कोण म्हणलं?" दादा खाकरला. "ते तिकडं गोऱ्या लोकांत. खराड्यांच्या घरात रोज ताजं पाणी. सकाळी एकदा, दुपारी एकदा. बिलाचं काय घेऊन बसलाय राव? बावीस काय नि चोवीस काय!"

"मग चोर कोण?" आक्कानं विचारलं.

"कोण न्हाई."

"निवृत्तीकडं बघून म्हण."

दादानं मीटरकडं बघितलं. "चोर कोण न्हाई," तो मीटरला म्हणाला.

"दादा, मी इकडं आहे," मी म्हणालो.

तातोबा मिशीत हसला. दादानं मान वळवली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत तेच वाक्य पुन्हा म्हटलं. माफी अशी जेमतेम तेवढीच मिळाली. साहेबांनी मात्र कागदावर 'चोरी आढळली नाही' असं लिहून सही केली, आणि तो कागद मी खिशात घातला.

जिंकून घरी आलो, पण आतून धुमसत होतो. आई भाकऱ्या थापत होती.

"वाचलास?" तिनं विचारलं.

"वाचलो. आक्कानं तुझं नाव बरोबर वगळलं. वगळायला चांगलं जमतं तिला."

"आता काय झालं?"

"मला कळत नाही असं वाटतं तुला? दुपारचं पाणी ती का सोडते? तू बसलीस म्हणून. तुझं पाणी तिच्या पोराच्या अंगाला लागू नये म्हणून. आणि तू गजरे, गजरे करत तिथं गुडघे शेकतेस! लाज नाही वाटत?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "झालं तुझं?"

"झालं."

"दुपारचं पाणी आक्का सोडतच नव्हती. म्हणायची, ऱ्हाऊ दे हौसे, तुझं-माझं पाणी काय वंगाळ हाय, बसंल त्यो त्यातच. मी न्हाई म्हणलं. आपण बसल्यालं पाणी दुसऱ्याला द्यायचं, ही रीत हाय का? त्यो कसाबी असू दे, ज्याचं त्याला ताजं द्यावं. दुपारचं मी सोडायला लावते."

मी खाली बसलो. "मग काल बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? 'कळलं मला' म्हणलास आणि निघालास."

"आणि सकाळचं?"

"सकाळचं बी मीच."

"सकाळचं का?"

आईनं भाकरी उलटली. बोटं भाजली तशी हवेत झटकली.

"त्याच्या पाण्यात कोण बसंल रं?" ती म्हणाली.

मी चुलीजवळ सरकलो.

"पहिल्या दिवशी पडले ते पडले. घरी येऊन दोनदा अंग घासलं, बघितलंस की तू. दुसऱ्या दिशी आक्का मागच्या दाराशी आली, चल म्हणाली. मी म्हणलं, येते, पर आधी ते पाणी सोड. दारू पिऊन बसतो, कोंबड्यांच्या घाणीतनं उठून तसाच बसतो. त्यात मी पाय घालायची न्हाई. आक्का म्हणाली, आगं, माझं पोरगं हाय ते. म्हणलं, आसंल. तुला चालतंय, मला चालत न्हाई."

"मग आक्का काय म्हणाली?"

"काय म्हणती? गेली आणि नळ फिरवला."

मी मनातल्या मनात युनिटं मोजली. सकाळचे साडेतीन तास तिचे. दुपारचे चार तास तिचे. "म्हणजे ते पंधरा हजार..."

"किती ते तू बघ. तू वायरमन."

"आई, म्हणजे दादा खरंच बोलत होता! त्याच्या मीटरवर आपलंच घर नांदत होतं!"

"चोरून न्हाई नांदलं," आई म्हणाली. "बोलावलं म्हणून गेले." आणि पिठाचे हात तोंडावर धरून ती अशी हसायला लागली, की तव्यावरची भाकरी करपली.

सोमवारी दादानं मला बोलावलं. पुन्हा टबात होता. "निवृत्ती," तो फेसातून म्हणाला, "बिल जरा खाली येईल असं काय करता येतंय का बघ. पाणी मात्र रोज दोनदा ताजंच पायजे, त्यात तडजोड न्हाई. गावात सांगितलंय मी."

मी त्याच्या बोर्डावर टायमर बसवला. टायमरनं बिल वाचतं असं त्याला सांगितलं. वाचलं काय, पुढचा महिना अठ्ठावीस दिवसांचा होता, तेवढंच. दादानं मात्र साऱ्या पंचक्रोशीत माझं नाव केलं, आणि परवाना आला तेव्हा पहिली चार कामं त्याच्याच शिफारशीनं मिळाली. त्या टायमरनं मी एकच गोष्ट जमवली होती. आतापर्यंत पाणी कधी एकला तापायचं, कधी सव्वाला, आणि दोघींना टबाच्या काठावर पाय पोटाशी घेऊन वाट बघत बसावं लागायचं. आता बरोबर एकच्या ठोक्याला ते अडतीस डिग्री व्हायचं.

तीन हिवाळे हे चाललं. आता आक्का नाही, आईही नाही, म्हणून लिहितोय. ती गोधडी माझ्याकडं आहे. चार टाके घातलेत तिला.